धार कोण धरणार

कुकटपल्ली,
१८ ऑगस्ट २०२४

ती. हिम्मतकाकांस,
रेणूचा सा. न. वि. वि. तुम्ही रागात असाल, तरी नमस्कार घ्यावा.

परवा फोनवर तुमचा आवाज चढला, मग माझाही चढला, आणि शेवटी तुम्ही म्हणालात की काय सांगायचं ते नीट लिहून पाठव, फोन करू नकोस. म्हणून लिहिते आहे. पाकीट घेताना पोस्टातल्या बाई हसल्या. सिकंदराबादलाच द्यायचं तर मेट्रोने जा ना, म्हणाल्या.

लग्न डिसेंबरात, थायलंडमध्ये क्राबी नावाच्या गावी, समुद्राच्या काठावर. अनिकेतकडची आणि आपली मिळून तीसच माणसं. त्यात तुम्ही, काकू, शिल्पाताई आणि ओमकार आधी. मांडव आणि फुलं हॉटेलवालेच बघतात. तिथे एक मराठी गुरुजीही मिळाले. जेवणात साधा वरणभात असेल हे मी दोनदा विचारून घेतलं आहे, काकूंना सांगा. जन्मभर रेल्वेच्या पासवर फिरलात, आता विमानात बसा. आईचा पासपोर्ट आला. फोटोत ती अशी दिसते, जणू तिच्यावर कुणी चोरीचा आळ घेतला आहे.

एवढ्या लांब का, असं तुम्ही विचारलंत. अनिकेतच्या आईवडिलांची हौस आहे. सध्या तेवढंच समजा.

तुमच्या मायेची सवय झालेली,
रेणू


सिकंदराबाद,
२५ ऑगस्ट २०२४

चि. रेणूस,
अनेक आशीर्वाद. राग आला म्हणून ते कमी केलेले नाहीत.

तुझं पत्र वंदनानं दोनदा वाचलं. वरणभाताचं वाचून तिला बरं वाटलं. मला नाही वाटलं. तीस माणसांत आपली भावकी कुठे आहे? एकनाथरावांना काय सांगू? ते भावकीतले वडीलधारे. त्यांच्या पायावर डोकं ठेवल्याशिवाय आपल्याकडे अक्षता पडलेल्या नाहीत. इथे एवढे मोठमोठे फंक्शन हॉल असताना कायको एवढं फिरून जायचं, असं ते मलाच विचारतात.

तेही गिळलं असतं. पण काल अनिकेतच्या वडिलांचा, प्रमोदरावांचा फोन आला. भला माणूस. म्हणाले, कन्यादानाला रेणूच्या आई, कुसुमताई बसणार आहेत, तेव्हा तुम्ही दोघं कसलंही ओझं न घेता पाहुण्यासारखे या. रेणू, मी तुझ्या लग्नात पाहुणा? दादा गेला त्याच वर्षी मी आणि वंदनानं ठरवलं होतं की तुझं कन्यादान आपण करायचं. हे मला व्याह्यांकडून कळावं?

आणि एक व्यवहाराची गोष्ट सांगतो. कन्यादान एकट्यानं होत नाही. एकानं ओंजळ धरायची, दुसऱ्यानं तीत पाण्याची धार सोडायची. शिल्पाच्या लग्नात तू होतीस. वंदनानं धार धरली, ती माझ्या ओंजळीतून जावयाच्या ओंजळीत गेली. नवरा-बायकोचं काम आहे ते. वहिनींच्या बाजूला कोण उभं राहणार? धार कोण धरणार? तुझ्या थायलंडच्या हॉटेलात तोही माणूस भाड्यानं मिळतो का?

उत्तर दे. गोलगोल नक्को.

तुझ्यावर हक्क सांगणारा,
हिम्मतकाका


कुकटपल्ली,
१ सप्टेंबर २०२४

ती. काकांस,
सा. न. वि. वि. आता गोलगोल लिहीत नाही.

प्रमोदरावांकडून तुम्हाला कळायला नको होतं. ते माझं चुकलं. पण कन्यादानाचं मी ठरवलं ते विचार करून ठरवलं.

शिल्पाताईच्या लग्नात धार पडली तेव्हा मी मांडवात नव्हते, काका. मी आईला शोधत होते. सगळे अक्षता घेऊन उभे होते आणि ती सामानाच्या खोलीत दागिन्यांच्या पेटीजवळ बसली होती, मुठीत किल्ली धरून. एकनाथकाकांनी तिला तिथे बसायला सांगितलं होतं, विश्वासाचं माणूस हवं म्हणून. ती मला म्हणाली, बाहेर फार उकडतंय गं, इथे पंखा आहे. विधवा बाईनं मांडवात पुढेपुढे करू नये, हे तिलाही कुणी तोंडावर म्हटलं नाही आणि तिनंही मला म्हटलं नाही. पंखा आहे, एवढंच.

तुम्हाला आठवत असेल, पदवीच्या वर्षी मी तुमच्याशी भांडले होते की मुलगी ही दान द्यायची वस्तू नाही. घरातली पहिली पदवी म्हणून तुम्ही पेढे वाटलेत आणि दुसऱ्याच दिवशी म्हणालात की पेढे परत मागवावेत. माझं मत अजून तेच आहे. पण आई कन्यादान मानते. मग ते तिच्याच हातून व्हायला हवं.

भावकीसमोर हे झालं नसतं. कुणीतरी उठून गेलं असतं आणि ते पाहून आईच पाटावरून उठली असती. म्हणून मी मध्ये समुद्र घातला. हौस अनिकेतच्या आईची आहे हे खरं, पण ती मी आनंदानं उचलून धरली, कारण तिथे एकनाथकाका नसतील. तिथले गुरुजी म्हणाले, कोण बसायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. आईला यातलं काही माहीत नाही. तिला वाटतं की तुम्ही आणि काकूच बसणार. तिथे पोचल्यावर सांगणार आहे, म्हणजे तिला नाही म्हणायला वेळ राहणार नाही.

धार कोण धरणार, याचं उत्तर माझ्याकडे नाही. पण तुम्ही पाहुणे नाही. हे मात्र मनापासून लिहिते आहे.

राग संपला की माया करा,
तुमची रेणू


जामबाग, मुलींचे वसतिगृह,
१० सप्टेंबर २०२४

चि. रेणूस आशीर्वाद व हिम्मतभाऊजींस नमस्कार.

पत्र एकच लिहिलं आहे. दुसऱ्यासाठी झेरॉक्स काढून आणली, म्हणजे एकाला एक सांगितलं आणि दुसऱ्याला दुसरं, असं होणार नाही. माझी शाळा चौथीपर्यंतची. रेणू, चुका काढत बसू नको.

भाऊजी रविवारी इथे आले. चहासुद्धा घेतला नाही. रेणूचं पत्र वाचून दाखवलं, मध्ये थांबले, चष्मा पुसला, मग उरलेलं वाचलं. मुली जेवायला बसल्या होत्या आणि माझ्या पोळ्या व्हायच्या होत्या. पोळ्या लाटता लाटता विचार केला तो लिहिते.

रेणू, त्या खोलीला बाहेरून कडी नव्हती. किल्ली माझ्याच मुठीत होती. बसा म्हटलं, मी बसले. पंखा होता हे मात्र खरं. आता तू मला समुद्राकाठी नेऊन पाटावर बसवणार, जिथे ओळखीचं कुणी बघणार नाही. ती पण सामानाचीच खोली झाली बाळा, फक्त लांबची. आणि मला न विचारता नेणार होतीस. एकनाथरावांनीही विचारलं नव्हतं.

मला बसायचं आहे. हे मी आजपर्यंत कुणाला बोलले नव्हते. तुझे बाबा जिथे बसले असते तिथे मला बसायचं आहे. पण बसेन तर सिकंदराबादेत, आपल्या माणसांसमोर. ज्याला उठून जायचं त्यानं जावं, मी उठणार नाही. आणि ते जमणार नसेल तर भाऊजी, तुम्ही आणि वंदना बसा. मी पहिल्या रांगेत खुर्चीवर बसेन. खोलीत मात्र आता जाणार नाही.

भाऊजी, तुमचा हक्क मला हिसकावून घ्यायचा नाही. सकाळची ड्यूटी असली तरी आधी रेणूला स्कूटरवरून शाळेत सोडायचात, ते मी विसरलेली नाही. तुम्ही विचारलंत ते बरोबर आहे, धार कोण धरणार. ते तुम्हीच सांगा.

पासपोर्ट मात्र वाया घालवू नका. लग्न होऊन जाऊ दे, मग मला समुद्र दाखवा. निवांत बघेन.

दोघांनी एकमेकांशी बोलावं ही विनंती.
कुसुम


कुकटपल्ली,
१७ सप्टेंबर २०२४

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

आईचं पत्र ऑफिसच्या जिन्यात बसून वाचलं. तिच्यासाठी लढते आहे असं मला वाटत होतं, आणि तिला विचारायचंच राहिलं.

क्राबीचं बुकिंग आम्ही रद्द केलं, लग्न आता सिकंदराबादच्याच फंक्शन हॉलमध्ये. अनिकेत म्हणाला की मला लग्न तुझ्याशी करायचं आहे, समुद्राशी नाही. त्याच्या आईंनी मात्र पुण्यात सगळ्यांना किनाऱ्याचे फोटो दाखवून झाले होते. त्या माझ्याशी दोन दिवस बोलल्याच नाहीत. मग फोन करून एवढंच विचारलं की त्या हॉलला पार्किंग आहे का. मी हो म्हटलं. आहे ना?

तुमचं उत्तर आलेलं नाही. रोज खाली जाऊन पत्राची पेटी बघते. तुम्ही आणि काकू बसणार असाल तर मी एक शब्द बोलणार नाही, आई पहिल्या रांगेत बसेल. पण जे काही असेल ते आईला कळवा, मला नको. तिच्या वतीनं मी पुष्कळ ठरवलं.

वाट बघणारी,
रेणू


सिकंदराबाद,
२९ सप्टेंबर २०२४

ती. कुसुमवहिनींस,
हिम्मतचा नमस्कार. झेरॉक्स मीही काढली आहे, ती रेणूला जाईल. तिला सांगा, पार्किंग आहे.

उत्तराला उशीर झाला, कारण रिकाम्या हातानं लिहायचं नव्हतं. आधी एकनाथरावांकडे गेलो. तुमचं पत्र दाखवलं नाही, तोंडी सांगितलं. ते शांतपणे म्हणाले की असं होणार असेल तर आमच्या घरचं कुणी येणार नाही, आणि आमच्यामागची घरंही येणार नाहीत. दारापर्यंत सोडायला आले तेव्हा म्हणाले, तुझ्या ओमकारचं लग्न अजून व्हायचं आहे, ते ध्यानात ठेव. मी हौ म्हटलं आणि चपला घातल्या. रस्ताभर परेशान होतो. घरी येऊन ओमकारला सांगितलं. तो म्हणाला, बाबा, मग माझ्या लग्नाला जेवणावळ लहान होईल.

मग आपल्या इथल्या गुरुजींकडे गेलो. ओंजळ वहिनींची असेल तर पाणी सोडायला कोण चालेल, असं विचारलं. ते म्हणाले की आजवर हे मला कुणी विचारलेलं नाही. मग म्हणाले, हात घरचा असला म्हणजे झालं.

तेव्हा पाटावर तुम्ही बसायचं. ओंजळ तुमची. दादाच्या जागी बसायचं असं मी इतकी वर्षं मनात धरून होतो, ते सोडायला मला जड गेलं, खोटं कशाला लिहू. वंदनालाही गेलं. रात्री जेवताना तिनं विचारलं की मग आपण कुठे उभं राहायचं? मी म्हटलं, तू वहिनींच्या मागे उभी राहा, उठू लागल्या तर खांदा दाबून खाली बसव.

धार मी धरीन. बायकांचं काम म्हणून कुणी हसलं तर हसू दे. वंदना रोज अंगणात तांब्या देऊन माझ्याकडून सराव करून घेते. अर्धं पाणी बाहेर सांडतं. ती सारखी म्हणते, घाई नक्को, बारीक धरा, मध्ये तुटू देऊ नका.

रेणूला सांगा, साडी थोडी भिजेल.

तुमचाच,
हिम्मत