सागवान, नग अकरा

३ फेब्रु., मंगळ.
गॅस अजून पडवीतच. जुना ओटा फोडून बारा दिवस झाले. नितीनचा नांदेडहून फोन, "आई, मॉड्युलर किचनवाला येईल. माप घेऊ दे, वाद घालू नकोस." आला. भिंतीवर लाल ठिपका पाडणारं यंत्र होतं त्याच्याकडे. दोन मिनिटांत खोलीचं माप घेतलं. माझं घेतलं नाही.
विचारलं, "ओटा किती उंच?"
"चौतीस इंच, मावशी. सगळीकडं तेवढाच असतो."
"मी सगळीकडं राहत नाही."
हसला. कपाटाच्या दाराचा एक तुकडा नमुना म्हणून ठेवून गेला. वरून अगदी सागवान. माणसं शुक्रवारी, वीस तारखेला बसवायला येणार.

४ फेब्रु.
शेजारणीच्या ओट्यावर भाकरी थापून पाहिली. खांदे कानाला लागले. भाकरी वरून थापावी लागते, हाताचा भार खाली पडावा लागतो. मोडलीच. जन्मभर खाली बसून काठवटीत थापली. आता गुडघे ऐकत नाहीत, हे नितीनचं खरं. उभं राहायला माझी ना नाही. पण किती उंचीवर, ते दुसऱ्याने का ठरवावं?

६ फेब्रु.
गच्चीवरच्या फळ्यांची ताडपत्री काढली. ह्यांची तीस वर्षं दालमिलमध्ये गेली. डाळ खाली सोडायचा लाकडी घसरता पन्हाळ काढून मिलवाल्यांनी लोखंडी बसवला, तेव्हा मुनीमजींनी ह्यांना फळ्या दिल्या. सागवान म्हणून. अकरा. ह्यांनी प्रत्येकीच्या पाठीवर निळ्या ऑइलपेंटने लिहिलं : सागवान, नं. १. सागवान, नं. २. असं अकरापर्यंत. कुणाला हात लावू दिला नाही. "तुझा ओटा होणार हा," म्हणायचे. होता होता सात वर्षं गेली, आणि दोन वर्षांमागे ते.
वरची बाजू डाळ घसरून घसरून गुळगुळीत झालीय. हात फिरवत बसले.
नितीनला सांगितलं. "आई, भंगार आहे ते. लाकडाचा ओटा कुणी करतं का? ग्रॅनाइट येतंय की."
"भंगार म्हणू नको."
फोन मीच ठेवला. आजवर कधी ठेवला नव्हता.

८ फेब्रु., रवि.
खाजाभाईंना बोलावलं. ह्यांचे दोस्त, गंजगोलाईच्या बाजारात सुतारकाम. नं. १ च्या पाठीला एका टोकाला रंधा मारला. भुसा हुंगला. पुन्हा हुंगला.
"भाभी, बुरा नका मानू. सागवान न्हाई हे. लिंब हाय, कडूलिंब."
"सगळ्या?"
सगळ्या ठोकून, खरवडून पाहिल्या. "अकराच्या अकरा."
"ह्यांना माहीत असेल?"
"त्याला? मुनीमजी बोलले की पत्थर की लकीर. तुम्ही दाल म्हणून खडे दिले असते तरी शिजवले असते त्यानं."
हसू आलं. मोठ्यानं हसले. मग न्हाणीत जाऊन तोंड धुतलं.

९ फेब्रु.
नायगावहून नणंदेचा फोन. काल रात्री नितीनला लिंबाचं सांगितलं होतं, त्यानेच कळवलेलं दिसतं. "लिंबावर भाकर थापतीस व्हय? कडू जहर लागंल. अन् एकट्या बाईला कशाला गं एवढा थाट?"
"एकटी आहे म्हणूनच, वन्सं. आता तरी माझ्या मापाचं होऊ द्या."
 "देवणीकडच्या बायका अशाच," एवढं म्हणाल्या. माझं माहेर निघालंच.

१० फेब्रु.
वाचनालयातून झाडांवरचं पुस्तक आणलं. चौथीपर्यंतची शाळा, पुढचं वाचन पुड्यांच्या कागदांवर झालं, त्यामुळे जाड पुस्तकाची अजून थोडी भीती वाटते. लिंबाला कीड सहसा लागत नाही. ओलं वापरलं तर वाकतं, वाळलेलं चालतं. कडूपणाचं काहीच नाही. लिहिणाऱ्याने भाकरी थापली नसणार.

१२ फेब्रु.
काल नमुन्याचा तुकडा आणि लिंबाची एक ढलपी बादलीत बुडवून ठेवली होती. आज तुकडा चहातल्या टोस्टसारखा फुगलाय. सागवानाचा कागद सुटून वर तरंगतोय. ढलपी आहे तशी. दोन्ही खिडकीत मांडून ठेवलं. येणाऱ्याजाणाऱ्याला दिसू दे.

१३ फेब्रु.
खाजाभाईंनी विटांवर फळी ठेवून मला थापायला लावलं. एक वीट काढ, पुन्हा थाप. दोन काढ, पुन्हा थाप. एकोणतीस इंचांवर खांदे खाली आले.
"बस. हे भाभीचं माप."
ठरलं : शेगडी आणि सिंकपाशी कडप्पा, कारण तिथं पाणी. थापायच्या बाजूला लिंबाच्या फळ्या. कपाटांचे खोके प्लायवूडचे, दारं लिंबाची. रोजे लागायच्या आत मुख्य काम उरकतो म्हणाले. सोमवारी सकाळी येणार.

१४ फेब्रु.
नं. १ वर, रंधा मारलेल्या जागी भाकरी थापली. कडू. खोटं कशाला लिहू? वन्सं जिंकल्या. फळी आपटून ठेवली.
संध्याकाळी सुचलं. ही तर पाठ. डाळ घसरली ती दुसऱ्या बाजूनं. फळी उलटून, पुसून, त्या बाजूवर थापली. चव ज्वारीची. दुसरी थापली. तीच चव. कडूपणा सगळा तुरीच्या डाळीनं वर्षानुवर्षं घासून नेलाय की माझीच जीभ पक्ष घेतेय, कोण जाणे.

१५ फेब्रु., रवि.
नितीन सकाळच्या गाडीनं आला. न सांगता नं. ४ वर थापून वाढलं. तीन भाकऱ्या खाल्ल्या, चौथी अर्धी. मग फळीचं सांगितलं. हातातला घास तसाच राहिला.
"कडू लागली?"
"नाही."
उठला, फळी उलटली. निळी अक्षरं बघत उभा राहिला. ह्यांचा "सा" नेहमी वर चढायचा.
"बाबांना हे लिंब आहे ते कळलं नव्हतं?"
"नव्हतं."
फळी पुन्हा सुलटी ठेवत म्हणाला, "शुक्रवारी माणसं येणार आहेत, आई. मी त्यांना नको म्हणून सांगणार नाही."
"नको सांगू. दारात मी आहे."
रागानेच निघाला. पण डब्यात दोन भाकऱ्या बांधून मागितल्या. कुठल्या फळीवरच्या, ते बोलला नाही.
आता खाजाभाईंना फोन केला. वरच्या बाजूला रंधा लावायचा नाही, डाळीनं केलंय ते काम. पाठीलाही नाही.
"मग फळ्या एकसारख्या कशा बसणार भाभी? एक वर, एक खाली!"
"बसू द्या. मी थापून घेते."
उद्या आठला येतात. शुक्रवारपर्यंत चार दिवस.