मामाच्या मांडीवाचून जावळ

बीड, १० फेब्रुवारी २०२५

चि. अमरसिंह यास,

इथे अनेक आशीर्वाद लिहायचा प्रघात आहे; या वेळी ते राखून ठेवले आहेत.

काल, रविवार, ९ फेब्रुवारी, संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी तू मुक्ताला माझ्या दारात सोडलेस आणि गाडीतून न उतरताच निघून गेलास. पोरीच्या डोक्यावर लोकरी टोपी. बबिताने ती काढली तर खाली चकोट. आरोप करताना आधी तारीख-वेळ लिहावी, असे कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी शिकवले, म्हणून लिहिली.

घटस्फोटाच्या निकालात मुक्ताचा ताबा तिच्या आईकडे, बबिताकडे आहे. दुसऱ्या आणि चौथ्या रविवारी दहा ते पाच ती तुझी. तिची ने-आण माझ्या घरून, कारण दोघांचाही विश्वास बसेल असे माणूस तुम्हाला मीच सापडले. मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर म्हणून निवृत्त झाले, पण माझ्या फाटकातून मुलगी नेताना असे कोणी फसवले नव्हते. बागेत नेतो म्हणालास आणि नेलीस दिंद्रुडला, देवीपुढे जावळ उरकायला! जावळ मामाच्या मांडीवर होते. तुझेही तसेच झाले. सिदूने भाचीसाठी हिरवा झगा घेऊन ठेवला होता. आईला न विचारता, मामाला वगळून? आपल्या दिंद्रुडच्या भाषेत विचारते, कावून रे?

पुढचा रविवार रद्द कर, असे मी बबिताला लिहीत आहे. लोभाचे मग बघू.

विजयमाला आत्या


नेकनूर, १२ फेब्रुवारी

ती. आत्यांस बबिताचा सा. न. वि. वि.

तुमचे पत्र आसाराम ड्रायव्हरने डेपोतच दिले. तिकिटाचे मशीन गळ्यात होते आणि पाटोद्याच्या गाडीची बेल मारायची होती, म्हणून परत आल्यावर वाचले. फोनवर समोरचा मध्ये बोलतो म्हणून तुम्ही पत्रे लिहिता, हे आता आमच्या डेपोतही सगळ्यांना माहीत आहे.

टोपी काढली तेव्हा रागच आला, खोटे कशाला सांगू. सिदू तर म्हणाला की लई झालं, आता न्हाई पाठवायची पोरगी. मलाही तसेच वाटले. पण निकालाच्या दिवशी वकीलबाईंनी मला बाकावर बसवून समजावले होते. ताबा माझ्याकडे म्हणजे मुक्ता माझ्या मालकीची नव्हे, तिला सांभाळायचे काम माझे. भेट हा बापावर उपकार नाही. तिला बाप मिळावा म्हणून ती आहे. पोटगीही तिचीच. ती वेळेवर देतो म्हणून अमरसिंहला परस्पर असे काही करता येत नाही. उद्या त्याने थकवली, तर मी कोर्टात मागायची, भेट अडवायची नाही. या दोन्हींची गाठ मारली की मधे मूल आवळते, असे त्या म्हणाल्या. तो चुकला तर लेखी विचारावे, नाही ऐकले तर कोर्टाला सांगावे; दार आपण लावू नये.

तेव्हा रविवार रद्द नको. तुम्हीच त्याला पुन्हा विचारा. तुमच्या अक्षराला तो लहानपणापासून भितो.

आणखी एक. अंघोळ घालताना मुक्ताच्या उजव्या कानामागे एक झुलूप तसेच दिसले. एवढे मोठे झुलूप न्हाव्याकडून चुकून राहत नाही. तेवढे विचाराल? आणि खरे सांगा, अमरसिंहला बहीण नाही म्हणून जावळाचे केस पदरात झेलायचा मान तुमचा होता. तो बुडाल्याचा राग यात किती?

रागातून उरेल तेवढी माया आमच्यावर ठेवा.

बबिता


दिंद्रुड, १६ फेब्रुवारी

ती. आत्यांस अमरसिंहचा शि. सा. नमस्कार.

आत्या, चुकलो. आई म्हणाली की पोरीला आता चौथं वरीस लागंल, चौथ्यात जावळ करत न्हाईत, आणि बबिताला विचारलं तर ती नगं म्हणंल. तेच मी धरून बसलो. मामा म्हणून शेजारच्या सुग्रीवला बसवले. मुक्ताने आधी केस काढू दिले. मग तिने मान वर करून सुग्रीवचे तोंड पाहिले आणि सिदूमामा, सिदूमामा करून रडायला लागली. सगळे म्हणाले की थोडंच राहिलंय, उरकून घ्या. मी न्हाव्याचा हात धरला. आई तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. केस नदीत सोडले नाहीत, फडक्यात बांधून देव्हाऱ्यात ठेवलेत. टोपी थंडीसाठी घातली नव्हती. बबिताला तोंड दाखवायची माझी हिंमत नव्हती.

तुमच्या पत्रात रविवार रद्द म्हणून लिहिले होते. मुक्ता मला आता भेटणार की नाही, एवढे कळवा. शिव्या लिहिल्या तरी चालतील, पण पत्र येऊ द्या.

अमरसिंह


बीड, १९ फेब्रुवारी

चि. अमरसिंह यास,

अर्धे आशीर्वाद सोडते.

तुझे पत्र मी बबिताला वाचायला दिले. ड्यूटीच्या खाकी कपड्यांतच आली होती, उभ्याउभ्याच तिने वाचले. म्हणाली की विचारले असते तर मी नको म्हटले नसते, सासूबाईंना पुढे बसवले असते. तिच्या जागी मी असते तर कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या असत्या. रेक्टरच्या खुर्चीत बसून मी मुलींना शहाणपण शिकवत होते. ही मुलगी एस.टी.त उभी राहून माझ्याहून शहाणी झाली. भेट अडवा हा सल्ला माझा होता. तिने तो मोडला. तुझा रविवार वाचला तो तिच्यामुळे, हे विसरू नकोस.

तर ऐक. येत्या रविवारी, २३ तारखेला, दहा वाजता नेकनूरला ये. फडके आण, वहिनींनाही आण. सिदू मुक्ताला हिरव्या झग्यात मांडीवर घेईल आणि राहिलेले झुलूप न्हावी उतरवेल. ते मी पदरात झेलीन. माझा मान मी सोडणार नाही. तुझे फडके त्यात मिळवायचे आणि सगळे केस सिदूने नदीत सोडायचे. तो आधी कुरकुरला. ते झुलूप कोणी राखले हे ऐकल्यावर उठून झगा इस्त्रीला देऊन आला. त्यानंतर पाचपर्यंत मुक्ता तुझी.

यापुढे तिचे कान टोचायचे असोत, शाळा ठरवायची असो की गावाबाहेर न्यायचे असो, आधी तिच्या आईला विचारीन, असे मला तुझ्या अक्षरात हवे आहे. फोन करू नकोस, मी उचलणार नाही. शनिवार, २२ फेब्रुवारी, संध्याकाळी पाचच्या आत पत्र माझ्या हातात पडले पाहिजे. तोवर उरलेले आशीर्वाद माझ्याकडेच.

विजयमाला आत्या