उपणणीचा वारा

पिंपरी,
ता. २१ जानेवारी १९५७

ती. सोजराअक्कास,
धाकट्या रंगरावचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

तुझा तिळगूळ पोचला. तुझ्या भावजयीनं, कुसुमनं, निम्मा लपवून ठेवला, नाहीतर मी एका बैठकीत संपवला असता. दाजींचा दमा कसा आहे?

आमच्या कारखान्याच्या धुरावर पिंपळे गुरवातून अर्ज जाणार असं कानावर आलं. थोडं थांबा म्हणावं. धुराचा बंदोबस्त करायचं काम साहेबांनी माझ्याच गळ्यात घातलंय. भट्टीच्या धुराड्यात काजळी साचते, ती रोज एकदा वाफेनं फुंकून काढावी लागते. सकाळी फुंकली की सगळी बंगल्यांवर जाते आणि साहेबांच्या बायका कडाकडा भांडतात. धुराड्याला लागून पाण्याच्या फवाऱ्याची खोली बांधली, तर काजळी तिथंच धरली जाईल. पण खोली कुठल्या अंगाला बांधायची हे ठरवायला वारा कळला पाहिजे. तू उपणणीला कधी उभी राहतेस, वारा कुठून येतो, ते सगळं खुलासेवार लिही.

दाजींना नमस्कार. आशीर्वादाची वाट पाहतो.
तुझा रंगराव

पिंपळे गुरव,
ता. २ फेब्रुवारी १९५७

चि. रंगरावास,
अक्काचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

फोरमन झालास तरी वारं अक्कालाच इचारतोस व्हय रे? बरं वाटलं बाबा. ऐक तर. सकाळचं वारं उगवतीकडचं, अगदी मरतुकडं. त्याच्यावर भुसा बी हलत न्हाई. दुपार कलली की मावळतीकडनं, म्हंजे तुमच्या पिंपरीवरनं, वारं सुटतं, ते दिवस बुडस्तोवर. शिमग्याच्या महिन्यात त्यात खंड न्हाई. त्याच वाऱ्यावर आमी ज्वारी उपणतो. मी तिवईवर हुबी राहून पाटी वतते, दाणा खाली पडतो, भुसा उडून जातो.

आमचे थोरले दीर नानासाहेब अर्जावर साऱ्या भावकीचे अंगठे घेत होते. मी आडवी आले. म्हनलं, माझा भाऊ हाय तिथं, तो आपल्या डोळ्यात धूर जाऊ देणार न्हाई. माझ्या शब्दावर त्यांनी कागद कोनाड्यात ठेवला. तवा खोली झटदिशी बांध, माझी मान खाली घालायला लावू नको.

कुसुमला म्हणावं, तिळगूळ मागून खा, लपवू नको. खुशालीच्या चार ओळी तरी लिहीत जा.
तुझी सोजराअक्का

पिंपळे गुरव,
ता. ११ मार्च १९५७

चि. रंगरावास,
अक्काचे आशीर्वाद. वि. वि.

अरे, तिथं काय चाललंय? ज्वारी मळून खळ्यावर पडलीय. हे चार-पाच दिस दुपारी वारं सुटलं की मी तिवईवर चढते, आन तेवढ्यात तुमच्या धुराड्यातनं काळा लोट निघतो. भुसा उडतो, पर काजळी दाण्यावर बसते. मूठ उघडली की तळवा काळा. सकाळी काजळी न्हाई, तर वारं न्हाई. मग उपणायचं कवा? ह्यांना खळ्यावर बसवत न्हाई, धाप लागते. नानासाहेब येता-जाता कोनाड्याकडं बघत्यात. मला मेल्याहून मेल्यागत होतंय.

तुझ्या माघारी कुणी मेल्यानं वेळ बदललीय बघ. त्याचा कान धर. तुझ्यावर माझा सारा भार हाय.

लवकर लिही, जीव टांगणीला लागलाय.
तुझी अक्का

पिंपरी,
ता. १७ मार्च १९५७

ती. अक्कास,
रंगरावचा सा. न. वि. वि.

पत्र वाचून वाईट वाटलं. खोलीचं काम साहेबांनी तूर्त पुढं ढकललंय, खर्च फार येतो. तोवर काजळी फुंकायची वेळ बदलावी असं ठरलं. कारखान्यात असल्या गोष्टी कुणा एकाच्या हातात नसतात, अक्का. काजळी कुठंतरी जाणारच. तू उगीच मनाला लावून घेऊ नकोस. ज्वारी धुऊन वाळवली की झालं.

एक आनंदाची बातमी. बंगल्यांच्या रांगेतलं शेवटचं घर आम्हाला मिळालं. इथं आता काजळीचा कण पडत नाही. कुसुम पांढरी लुगडी बाहेर वाळत घालते! दाजींना घेऊन महिनाभर ये. इथल्या हवेनं त्यांना आराम पडेल.

दाजींना नमस्कार. राग धरू नये, हे मागणं.
तुझा रंगराव

पिंपळे गुरव,
ता. २६ मार्च १९५७

चि. रंगरावास,
आशीर्वाद. थोरलीनं लिहायचा रिवाज हाय म्हणून लिहिला.

तुझ्या भट्टीवरचा सोनबा बाजारात ह्यांना भेटला. बिचारा कौतुकानंच सांगत होता. म्हणे फोरमनसाहेबांनी वेळ अशी नेमकी काढली की बंगले स्वच्छ झाले. साहेबांनी इचारलं, वाऱ्याचा काय भरवसा, तर फोरमन म्हणाले, माझ्या थोरल्या भणीनं सांगितलंय, चूक निघायची न्हाई. घरी येऊन हे सांगताना ह्यांनी माझ्याकडं बघितलं न्हाई.

परक्यानं केलं असतं तर शिव्या घालून मोकळी झाले असते. तू मला गोड बोलून इचारलंस आन मीच सांगितलेल्या वाऱ्यावर माझ्याच खळ्यात काजळी सोडलीस. आई गेली तवा तुला कडेवर घेऊन वाढवला रे मी! ज्वारी धुऊन घे म्हणतोस. ह्यांची छाती कशात धुवू? आन ज्या हवेसाठी आमची हवा काळी केलीस, तिच्यात दम खायला बोलावतोस?

काल नानासाहेबांनी कोनाड्यातला कागद काढला. मी म्हनलं, पहिलं नाव माझं घाला. ते सवयीनं अंगठ्याची शाई पुढं करायला लागले. मी टाक मागितला आन सही केली. माहेरी ताथवड्याला शाळेतनं आलास की पाटीवर तूच मला अक्षरं गिरवायला लावायचास. अर्ज तुझ्या साहेबापुढं आला की सही बघ, वळखू येईल तुला.

तुझ्या वाट्याचं ज्वारीचं पोतं दरसालसारखं धाडलंय. निवडलेलं न्हाई, धुतलेलं न्हाई.

माहेर म्हणून तूच उरलास, तवा येऊ नको असं म्हणत न्हाई. ये. पर दुपार कलल्यावर ये, वारं सुटल्यावर, आन माझ्या तिवईशेजारी हुबा ऱ्हा.

लोभ ठेव असं औंदा लिहवत न्हाई.
सोजरा