चार कूलर, दोन हिशेब

अकोट,
मंगळवार, पितृपक्षातली दुपार
(धंदा बंद, म्हणून लिहायला सवड)

श्रीयुत किसनराव यांना गयासुद्दीनचा सलाम, आणि वहिनींना नमस्कार.

‘श्रीयुत’ आणि ‘राव’ पाहून तू पाकिटावरचा पत्ता पुन्हा वाचला असशील. पत्ता बरोबर आहे. चौथीपासून मी तुला किश्या म्हणत आलो, पण या उन्हाळ्यात सरकारी कामात पडलो आणि माझी भाषा सुधारली. तुझा गुडघा आता कसा आहे? वहिनींची साखर उतरली का? (उतरली नसेल तर मी आणलेली सोनपापडी तू एकट्यानेच खायची होतीस, तिचा दोष माझ्यावर नको.) चिरंजीव नितेशचे क्लास जोरात असतील. मागे राजापेठेत आलो तेव्हा त्याच्या विद्यार्थ्यांनी माझ्या गाडीपुढे इतक्या गाड्या लावल्या होत्या की तिसरी बॅच सुटेपर्यंत मला तुझ्याकडे दोनदा जेवावं लागलं. आमच्याकडे सगळं ठीक. तुझ्या भाभीचा, अफसानाचा, आवाज खणखणीत आहे, म्हणजे तब्येत चांगली आहे असं समज.

फोन न करता पत्र का, असं तू विचारशील. साडेतीन महिने कचेरीच्या पायऱ्या चढून मी एवढंच शिकलो की तोंडाने सांगितलेलं कोणी ऐकत नाही आणि कागदावर लिहिलेलं कोणी वाचत नाही, पण कागदाची पोच तरी मिळते. तू ट्रेझरीत तेहतीस वर्षं काढलीस. माझी ही हकीकत अर्ध्यावर न सोडता वाचणारा दुसरा माणूस माझ्या ओळखीत नाही.

तर झालं असं. एप्रिलात लोकसभेचं मतदान होतं. ऊन तुला माहीत आहे, सकाळी नऊला डांबर चपलेला चिकटत होतं. मतदारांना सावली आणि पाणी द्या, असा दिल्लीहून हुकूम आला होता, त्यामुळे सोळा केंद्रांवर मंडप, खुर्च्या आणि पाण्याच्या कॅन पुरवायचं काम मला मिळालं. बापाच्या वेळेपासून आपला मंडप-बिछायतीचा धंदा, पण सरकारचं काम पहिलंच. मी घरात पेढे वाटले. (अफसाना म्हणाली, पैसे आल्यावर वाटा. तिचं ऐकलं असतं तर पेढे वाटायला श्रावण उजाडला असता.) पिंपळखेडच्या केंद्रावर बायांची आणि म्हाताऱ्यांची गर्दी जास्त, म्हणून तिथल्या झोनच्या साहेबांनी आदल्या दिवशी चिठ्ठी दिली की चार कूलर लावा. मी माझे चांगले चार कूलर नेले, नवीन वाळा भरला, आणि पहाटे पाचला ओळीने लावून दिले. सात वाजता मतदान सुरू झालं. माणसं मत देऊन बाहेर यायची आणि पुन्हा रांगेत उभी राहायची, केवळ हवेसाठी.

साडेनऊला एका मोठ्या पक्षाच्या पोलिंग एजंटाने भिंतीवरची उमेदवारांची यादी वाचली. नवव्या नंबरावर अपक्ष उमेदवार पुंजाजी, आणि चिन्ह कूलर.

पुंजाजी तुला आठवतील, नगर परिषदेच्या शाळेत चित्रकला शिकवायचे. निवृत्त झाल्यापासून पाच निवडणुका लढले, पाचही वेळा डिपॉझिट जप्त. त्यांच्या घरच्या मैनाबाई म्हणतात की दुसऱ्यांचे नवरे त्या पैशात चार धाम करून आले. पुंजाजींची मागणी एकच, बसस्टँडावर बायांसाठी स्वच्छ संडास पाहिजे. सायकलला भोंगा बांधून ते एवढंच सांगत फिरतात. त्यांच्या चिन्हाचा आणि माझ्या कूलरचा संबंध मला त्या सकाळपर्यंत ठाऊक नव्हता, खुद्द पुंजाजींनाही नव्हता. ते त्या वेळी पातूरकडे एका झाडाखाली डबा खात होते.

एजंटाची लेखी हरकत आली. केंद्रावर उमेदवाराचं चिन्ह, तेही एक नाही तर चार, आणि वर चालू. केंद्राध्यक्ष बिचारे गणिताचे शिक्षक. कूलर काढावेत तर रांगेतल्या बाया कालवा करतात, ठेवावेत तर आचारसंहिता. त्यांनी मला फोन केला की हे झाका. माझ्या टेम्पोत लग्नातल्या बिछायतीच्या फुलाफुलांच्या चादरी होत्या. मी चारही कूलर डोक्यापासून पायापर्यंत झाकले. हवा बंद झाली, घरघर तेवढी चालू राहिली. अकराच्या सुमारास आपल्या मोहल्ल्यातून लग्न होऊन तिकडे गेलेल्या हलीमाबी मत द्यायला आल्या. त्यांना कमी दिसतं. दर्ग्यातल्यासारख्या ओळीने चार हिरव्या-लाल चादरी पाहून त्यांनी डोक्यावर पदर घेतला, दुआ मागितली, आणि पहिल्या कूलरवर दहाची नोट ठेवून आत गेल्या. केंद्राध्यक्ष सरळ माणूस. त्यांनी डायरीत नोंद केली, ‘रु. १०/- अज्ञात कारणासाठी प्राप्त’, आणि नोट लखोट्यात घालून सील केली.

आता हिशेबाकडे ये, तुझा विषय. कूलरचं भाडं एका नगाला नऊशे, म्हणजे तीन हजार सहाशे. त्या रात्रीच झोनच्या साहेबांनी ‘सावली व पाणी’ या खात्यात ही रक्कम खर्ची टाकून वर पाठवली. इकडे उमेदवारांच्या खर्चावर नजर ठेवणारं पथक वेगळं. त्यांनी एजंटाची हरकत वाचली आणि ठरवलं की चिन्हाचा प्रचार झाला, तर खर्च उमेदवाराचा. त्यांच्याकडे प्रत्येक उमेदवाराची एक चोरवही असते. (ते तिला छाया नोंदवही म्हणतात. उमेदवार काय लिहितो ते एका वहीत, तो खरं काय उडवतो ते हिच्यात.) पुंजाजींच्या त्या वहीत चार कूलर चढले, तीन हजार सहाशे. म्हणजे दिल्लीला दिसायला त्या दिवशी आठ कूलर फिरले. मी घरी येऊन मोजले, चारच होते. दोन्ही हिशेबांत पैसे खर्च झालेले, आणि माझ्या खात्यात भोपळा. मी सरकारी खिडकीवर गेलो की म्हणायचे, हा उमेदवाराचा खर्च आहे, त्यांच्याकडून घ्या. आणि त्या वहीत माझ्या नावापुढे लिहिलेलं, ‘पुंजाजी यांचे प्रचार साहित्य पुरवठादार’. ही बातमी बाजारात यायला दोन दिवस लागले. तीन लग्नांचे मंडप हातचे गेले. एका वरबापाने तोंडावर सांगितलं की आमच्या घरात दुसऱ्या पार्टीचे लोक आहेत, तुमचा मंडप चालणार नाही. मी म्हटलं, बांबूला पार्टी नसते. त्याने दुसरीकडे बयाणा दिलेला होता.

निकालानंतर आठवड्याने पुंजाजी दुकानात आले. उन्हातून सायकलवर आलेले, पाणीसुद्धा घेतलं नाही.

“गयासभाई, माह्या नावावर तुमी कूलर कावून लावले?”

मी साहेबांच्या चिठ्ठीची झेरॉक्स दाखवली. त्यांनी पिशवीतून आपली वही काढली. किश्या, ती वही तू पाहायला पाहिजे होतीस. चित्रकलेच्या मास्तराचं अक्षर. हँडबिलं, भोंग्याचं भाडं, सायकलचं पंक्चर दोन वेळा, बारा रुपयांचा डिंक. डिपॉझिट सोडून साऱ्या निवडणुकीचा खर्च एकतीसशे चाळीस. कूलर त्याहून महाग. ते मान्य केले तर वही खोटी ठरते, आणि न केले तर हिशेब जुळत नाही. हिशेब जुळला नाही आणि वर बसलेल्यांनी मनावर घेतलं, तर तीन वर्षं निवडणूक लढता येत नाही. सत्तरी उलटलेल्या माणसाला तीन वर्षं म्हणजे काय, ते तुला-मला सांगायला नको. मी त्यांना बसवलं, चहा मागवला, आणि दुसऱ्या दिवशी दोघं मिळून जिल्ह्याला जायचं ठरवलं. (दोघांचंही एसटीत अर्धं तिकीट. तेवढ्यापुरते आम्ही एका पक्षाचे.)

त्या खर्चाच्या कक्षात दामिनी मॅडम म्हणून हिशेब अधिकारी आहेत. वय आपल्या नितेशएवढं, टेबलावर कागदांचे गठ्ठे आणि गठ्ठ्यांच्या मागे त्या. पहिल्या खेपेला त्यांनी एकच गोष्ट विचारली, डायरीतले दहा रुपये कोणत्या खात्यात घ्यायचे. देणगी म्हणावी तर सरकारला मतदान केंद्रावर देणगी घेता येत नाही. महसूल म्हणावा तर कशाचा? शेवटी हलीमाबींना निरोप गेला की येऊन नोट परत घ्या आणि सही करा. हलीमाबींचा उलटा निरोप आला की दिलेलं परत घेतलं तर दुआ पण परत जाते, मग नातवाची नोकरी गेली तर तुमी देता का? तो लखोटा अजून कपाटात आहे आणि दर महिन्याला त्याची शिल्लक दहा रुपये अशी लिहिली जाते.

अशा सहा खेपा झाल्या. सातव्या खेपेला हिशेब जुळवणीची बैठक होती. मोठ्या पक्षांचे लोक वकील आणि सीए घेऊन आले होते. पुंजाजींच्या बाजूला मी. आमचा नंबर आला तेव्हा मॅडमनी नियम वाचून दाखवला की ज्या गोष्टीमुळे उमेदवाराला फायदा होतो, तिचा खर्च त्याचाच. पुंजाजी उभे राहिले.

“मॅडम, मागच्या टायमाले पिंपळखेडात मले अकरा मतं होते. या टायमाले कूलर लागले, सात भेटले. लोकं म्हनत, याचे कूलर झाकलेलेच असतात. फायदा झाला असंन तर दाखवा, मी भरतो.”

वकिलांच्या बाकावर कोणीतरी हसलं. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी केंद्राध्यक्षांची डायरी मागवली, तिला टाचलेली झोनच्या साहेबांची चिठ्ठी काढली, दोनदा वाचली. कूलर सरकारने लेखी मागितले होते, सरकारच्या कामाला लागले, पैसे सरकार देईल, आणि उमेदवाराच्या नोंदवहीतली नोंद रद्द. एवढं बोलायला त्यांना अर्धं मिनिट लागलं. मला मात्र तिथपर्यंत पोचायला दोन महिने आणि एक चपलांचा जोड लागला होता.

पण माझं बिल अजून संपलं नव्हतं. शेवटच्या ओळीत चार चादरींचं भाडं होतं, दोनशे चाळीस. चादरी कोणीच लेखी मागितल्या नव्हत्या, फोनवर सांगितलं होतं, त्यामुळे ते पैसे कोणत्याच खात्यात बसेनात. मी म्हटलं, राहू द्या मॅडम, ते मी सोडले, देवाचं नाव घ्या आणि मला मोकळं करा. मी उठलोसुद्धा. पुंजाजींनी माझा हात धरून खाली बसवलं.

“चादरी माह्या चिन्हावर टाकल्या ना? मंग तेवढा खर्च माहाच. लिवा माह्या नावावर.”

त्यांनी पिशवीतून दोनशे चाळीस मोजून माझ्यापुढे ठेवले, पावती मागितली, आणि तिथेच वहीत एक ओळ वाढवली. मॅडमनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, “गुरुजी, सकाळपासून सगळे खर्च कमी करून मागत आहेत. वाढवून मागणारे तुम्ही पहिले.” मग त्यांनी त्या ओळीपुढे सही केली आणि पुढच्या उमेदवाराचं नाव पुकारलं. मी पावती लिहिली. परत येताना गाडीत पुंजाजी झोपले, आणि ती वही त्यांच्या मांडीवरून घसरू नये म्हणून अकोटपर्यंत मी धरून बसलो.

पैसे नागपंचमीला आले, कपात होऊन. अफसानाने हिशेब केला: छत्तीसशेसाठी एसटी, झेरॉक्स, चहा आणि चपला मिळून एकोणतीसशे. (तिला तुमच्या ट्रेझरीत घेतलं असतं तर ट्रेझरी सुधारली असती.) तेव्हा मी ठरवून टाकलं. यापुढे लग्न, बारसं, उर्स, कीर्तन, काहीही असो, मंडप घालीन, पण निवडणुकीच्या वाटेला जाणार नाही. पुंजाजी त्यांच्या घरी सुखी, मी माझ्या घरी. माझा त्यांच्याशी ना लेना ना देना, हे तू अमरावतीत चार लोकांना सांग, कारण राजापेठेतलं एक लग्न अजून माझ्या हातात येऊ शकतं.

बाकी भेटीत. गुडघ्याला जप, आणि जिना चढताना नितेशच्या पोरांना आधी जाऊ दे.

तुझा,
गयास

ता. क. विधानसभेचे फॉर्म दिवाळीच्या आसपास सुटतील असं म्हणतात. अपक्षाला इथलेच दहा मतदार सूचक लागतात. पुंजाजींच्या वहीत नऊ नावं झाली आहेत. तू नितेशकडे गेलास तरी तुझं नाव अजून आपल्या शाळेच्या केंद्रावरच आहे, मी यादी पाहून आलो. (फोटोत तुला केस आहेत.) दहावं नाव मी लिहून टाकलं आहे. फॉर्म सुटले की फोन करतो. दर्यापूरवरून येणारी सकाळची गाडी धर आणि मतदार ओळखपत्र विसरू नको.

आणखी ता. क. पहिलं नाव कोणाचं, हे तुला बाहेरून कळण्यापेक्षा मीच सांगतो. माझं आहे. दुसरं अफसानाचं. मुद्दा बायांच्या संडासाचा, मग पहिलं नाव माझं का नाही, असं ती म्हणाली, आणि दोन दिवस मला वाढलेल्या जेवणात मीठ नव्हतं.

शेवटचा ता. क. एसटीचं तिकीट तू तुझ्याच पैशाने काढ. मी काढलं आणि पुंजाजींना कळलं, तर ते वहीत लिहितील.