शेऱ्याचा रकाना

मु. सिद्धेश्वर, ता. औंढा नागनाथ
ता. ११ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. शालू हिस,

दादाचे आशीर्वाद. इकडे सगळं ठीक आहे. हळद शिजवून झाली, अंगणात वाळत घातली आहे. गुडघा दुखतो. तू कशी आहेस? मंजुषा नीट जेवते का? दोनदा फोन केला, पण हळदीचंच बोलून ठेवून दिला. म्हणून लिहायला बसलो. सातवीपर्यंत शिकलेला माणूस आहे, सांभाळून घे.

सोयरिकी जुळवायची माझी वही तुला माहीत आहे. तीस वर्षं ती पिशवीतून दुसऱ्याच्या हातात गेली नाही. पण तिला वाळवी लागेल, मी गेल्यावर रद्दीत जाईल, ही धास्ती होती. सूनबाई जान्हवी हिंगोलीत संगणक शिकवते. दिवाळीत तिने सगळी वही संगणकात चढवली. नाव टाकलं की मुलगी, गाव, शिक्षण, मामाचं कूळ समोर. इंटरनेट लागत नाही, ज्याच्या संगणकात बसवावं तिथे आपलं आपण चालतं. मला इतका आनंद झाला की सोयरिकी जुळवणाऱ्या सहा जणांना पेनड्राइव्हवर एकेक प्रत वाटली, पेढ्यासकट.

शेवटचा रकाना शेऱ्याचा आहे. जान्हवीने विचारलं होतं, "नाना, हे शेरे बी टाकायचे का? खासगी दिसून राहिले."

मी म्हणालो, "व्हय, टाक. एक अक्षर सोडू नको."

शालू, मंजुषा जन्मली तेव्हाच मी कौतुकाने तिचं नाव वहीत लिहिलं होतं. सहाव्या वर्षी तिला फेफरं येऊ लागलं, तेही पुढे शेऱ्यात लिहिलं, भेटीत विचारायची आठवण राहावी म्हणून. दहाव्या वर्षी ती पूर्ण बरी झाली, औषध बंद झालं. खोडायचं मात्र राहिलं.

बाळापूरच्या पाहुण्यांनी नकार कळवला, कारण सांगितलं नाही. तू पत्रिका घेऊन गुरुजींकडे गेलीस, ग्रह विचारलेस. मी शेजारीच बसलो होतो. मला कारण माहीत होतं. त्या सहा जणांतल्या औंढ्याच्या रामप्रसादने त्यांना संगणकासमोर बसवलं होतं. मी भांडायला गेलो तर म्हणाला, "सख्ख्या मामानंच लिवलंय म्हणल्यावर खोटं कसं आसल, शेषराव?"

घरी बसूनच सगळीकडचं पुसून टाक, असं जान्हवीला म्हणालो. ती म्हणाली, "इथून न्हाई होत, नाना. प्रत्येकाची प्रत वेगळी. तिथं जाऊनच पुसावं लागतं." कोणतं बटण दाबायचं ते तिने कागदावर लिहून दिलं. एसटीने सहा गावं फिरलो. एकट्या मंजुषाचाच नाही, सगळ्या लेकींचे शेरे काढले. सहाही ठिकाणचं गेलं. बाळापूरकरांच्या डोक्यातलं कसं काढू?

डॉक्टरांचा कागद घेऊन त्यांच्या दारात जायची माझी तयारी आहे. पण आधी हे पत्र मंजुषाला वाचून दाखव. ती जा म्हणाली तर जाईन. असलं घरच नको म्हणाली तर तेही बराबर. तिला न विचारता मी आता काही करणार नाही.

वहीतलं तिचं पान फाडून सोबत ठेवलं आहे. मागच्या बाजूला दुसऱ्या कोणाच्या लेकीचं नाव नाही, दोनदा पाहिलं.

त्या पानावरचं अक्षर ज्याचं, तो तुझा दादा,
शेषराव