टोकावरच्या भैरोबाची वाट

२ नोव्हेंबर
आज सकाळी थोरली म्हैस व्याली. पहिल्या चिकाची चरवी घेऊन डोंगराच्या टोकावर निघालो. आमच्यात पहिला चीक भैरोबाला, मग घरात. वाटेत चरवी भुईला टेकवायची नाही. उत्तरेच्या घळीपाशी पोचलो तर दरडीनं पायऱ्याच नेल्या होत्या. पावसाळाभर वर कोणी गेलं नव्हतं, कळणार कसं? वर नुसता ओला कातळ. परत फिरलो. चीक रेडकाला पाजला. घरात कोणी तोंड लावलं नाही.

४ नोव्हें.
दादा भोरहून आले. "देव खाली आणू. एसटीच्या थांब्याजवळ चौथरा बांधू. आईला तरी दर्शन होईल." खोटं नाही. आईचे गुडघे गेलेत.
मी रेडकाला चोळत राहिलो.
"बोल की! का भैरोबानं तोंड शिवलंय तुजं?"
"वाट बघून सांगतो."
"बघ. सोळा तारखेला मी पहारी घेऊन माणसं आणतोय."

७ नोव्हें.
पूर्वेला उभा कडा. दक्षिणेला कारवीचं रान, वर निसरडं गवत, खाली दरी. उरली पश्चिमेची सोंड, कोकणाकडची. तिकडं वारा माणसाला उभं राहू देत नाही. शेरडं सोडली आणि खिंडीत बसून राहिलो. सोंडेनं चढली, कातळपट्ट्यावर आडवी गेली, दिसेनाशी झाली. मग वरून घंटा ऐकू आली. देवाजवळच्या टाक्यावर पाण्याला गेली असणार.

९ नोव्हें.
त्यांच्या मागानं गेलो. जमतं. पण कातळपट्ट्याला दोन्ही हात लागतात. मग चरवी?

१० नोव्हें.
बायकोला, सुंदराला, अडचण सांगितली. भाकरी थापता थापता म्हणाली, "पोरं रानात कशी न्हेली म्या? पाठीला बांदून. देवाचं दूद काय त्याहून जड हाय?"
दिवसभर सोंडेच्या वाटेवरची कारवी कोयत्यानं तोडली. हात सोलले.

१२ नोव्हें.
आईला विचारलंच, देव खाली आणू का. अंगणात बसली होती. टोकाकडं बघून म्हणाली, "आता मान वर केली की दिसतो. खाली आणल्यावर म्या मान कुटं करू?"


१४ नोव्हें.
पहाटे दुसरी म्हैस, मोरी, व्याली. सुंदरानं चरवी घोंगडीत गुंडाळून माझ्या पाठीला बांधली. "गाठ माजी हाय. तुमी पडाल, चरवी न्हाई."
वारा होताच. कातळपट्ट्यावर दोन्ही हातांनी कातळ धरला. नाव घेत गेलो. चीक देवावर ओतला, टाक्यात चरवी धुतली, घराच्या दिशेनं उन्हात धरली.
आई म्हणते, चमकलं. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे. असू दे.
खरवस झाला. सगळ्यांनी खाल्ला.
या वाटेनं दूध वर गेलं, तशा पहारीही जातील. उतरताना तोडलेली कारवी आडवी टाकावी असं मनात आलं. टाकली नाही. संध्याकाळी दादांना फोन लावला. "वाट झाली. या. आधी माझ्याबरोबर वर चला, मग काय ते बोलू."
दादा म्हणाले, "बघू."