आक्काचं हसू आणि बासष्ट हजार

८ तारीख, सोमवार

गाळामालक येऊन गेला. "वीस तारखेपर्यंत वाढीव डिपॉझिट, नाहीतर कुलूप." वर माझाच चहा पिऊन गेला. साठ हजार! दुकानाच्या करंट खात्यात चार हजार दोनशे. तिथे पैसा टिकतच नाही. सकाळी येतो, दुपारी कागदवाला आणि शाईवाला घेऊन जातात.

पण मी घाबरलो नाही. दुसरं खातं आहे ना! गेल्या वर्षी फोनवरच उघडलेलं बचत खातं, थोरल्या बहिणीच्या, आक्काच्या नावावर. माझ्या नावावर असतं तर माझा हात गेलाच असता. मला माझी खोड माहीत आहे. दर शनिवारी गल्ल्यातले थोडे तिकडे ढकलत गेलो. बासष्ट हजार झालेत, एकदाही काढलेले नाहीत. आहे की नाही शहाणा!

९ तारीख

शहाणा कसला, डोंबल! पैसे काढायला आक्काचा चेहरा लागतो. फोन म्हणतो, समोर पाहा. पाहिलं. डोळ्यांची उघडझाप करा. केली. आता हसा.

आक्का हसत नाही!

रागावलेली नाही. हसतच नाही. पस्तीस वर्षं कोर्टात टायपिस्ट होती, खून-दरोडे टाइप केले, तोंडाची इस्त्री मोडली नाही. फोन म्हणाला, "नोंदवलेलं हास्य जुळत नाही." तीनदा. दिवसाला तीनच संधी, मग उद्या.

मग खातं उघडताना कशी हसली? तेव्हाही जमत नव्हतंच. मी तिच्या खांद्यावरून वाकलो, "अशी!" म्हणून दात काढून दाखवले, आणि फोन म्हणाला शाब्बास. म्हणजे हसली असणार.

१० तारीख

तीन विनोद सांगितले. तिसऱ्यावर म्हणाली, "यात शेजाऱ्याचीच चूक आहे."

११ तारीख

बँकेच्या मदत केंद्राला फोन. "सर, ग्राहकाला हसायला सांगा." सांगितलं, म्हटलं. "मग नैसर्गिक हसायला सांगा." तासभर गाणं ऐकवून एवढंच!

१३ तारीख

माझा धंदा पासपोर्ट फोटोंचा. दिवसभर लोकांवर ओरडतो — हसू नका! दात झाका! आज एक बाई खुर्चीत बसल्यापासून खुदुखुदु हसत होती, पाच वेळा फोटो घ्यावा लागला. इकडे घरात एक हसू मिळेना. दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत!

१४ तारीख

बायकोने माझी पँट डोक्याला गुंडाळून नाच केला. आक्काने पंखा वाढवला. "वन्सं, निदान ओठ तरी हलवा!" आक्का म्हणाली, "कारण असल्याशिवाय कसं हलवू गं?"

१७ तारीख

सकाळी आक्का आरशासमोर उभी. दोन बोटांनी ओठांची टोकं वर ढकलत होती. सोडली की खाली. पुन्हा वर. मी आल्या पावली परतलो.

नंतर विचारते, "माझ्या तोंडापायी तुझं दुकान जाणार का रे?" मी म्हटलं, छे गं! पण खोटं बोललो.

१९ तारीख

आजच्या तीनही संधी गेल्या. मी चिडून म्हणालो, "एवढंसं हसायला तुझं काय जातं?" ती जेवली नाही. मी पण नाही. जीभ कापून टाकावीशी वाटते.

२० तारीख

गाळामालक कुलूप घेऊनच आला. वर म्हणतो, "लावायच्या आधी माझे दोन फोटो काढ. मुलाकडे जायचंय, परदेशी." आक्का दुकानातच होती. दोन संधी वाया गेलेल्या, तिसरीसाठी फोन माझ्या हातात उघडा, 'आता हसा'वर थांबलेला.

मालक कोट चढवून फिरत्या स्टुलावर बसला. त्याचा स्क्रू ढिला आहे, हे सांगायचं राहिलं. स्टूल हळूहळू खाली जायला लागलं. मी सवयीने म्हणालो, "हसू नका, हलू नका." पठ्ठ्या हलला नाही! मान ताठ, नजर समोर — आणि खाली, खाली. शेवटी काउंटरवर नुसता भांग दिसत होता. तिथून आवाज आला, "काढला का?"

मला हसू फुटलं! बारा दिवसांत पहिल्यांदा. डोळ्यांतून पाणी. आणि हातातला फोन म्हणाला, "हास्य जुळलं. धन्यवाद."

आक्काकडे पाहिलं. चेहरा तसाच, इस्त्रीचा. साठ हजार करंट खात्यात आले, तिथून मालकाकडे. कुलूप परत गेलं. पण ती हसली कुठे?

२१ तारीख

उजाडता उजाडता डोक्यात प्रकाश पडला. नाव आक्काचं, पण खातं उघडताना फोनने पकडलेले दात माझे! वर्षभर माझ्या पैशांवर माझाच पहारा, आणि बारा दिवस मी तिला छळलं.

तिला सांगितलं. पाय धरायलाच वाकलो होतो. तर वरून भलताच आवाज — आक्का हसत होती! पोट धरून, भिंतीला टेकून.

फोन चार्जिंगला होता. असू दे.